जुन्या खोडांची शिराझ

ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यात, तनुंडा गावात लांगमाइल नावाची वाइनरी आहे. तिच्या आवारात शिराझ या रेड वाइनच्या द्राक्षांची एक लहानशी बाग आहे, 1843 साली लावलेली. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. थॉमसन द्राक्षांच्या बागेत लहानाची मोठी झाले, त्यामुळे कुठल्याही बागेजवळ गेलं की माझी नजर आधी खोडाकडे जाते. आमच्याकडे खोड म्हणजे मनगटाएवढं, फार जुनं झालं तर पोटरीएवढं. इथलं खोड मांडीपेक्षा जाड. जमिनीतून वर येतानाच त्याने पीळ घेतलेला, साल लांब लांब पट्ट्यांनी सुटलेली, आणि एका बाजूने आतलं लाकूड पार पोकळ झालेलं. उभं कसं राहतं असं वाटावं, तर त्याच खोडाच्या डोक्यावर नवी काडी फुटलेली. कोवळी, लालसर देठांची, बोटाएवढा फुलोरा घेऊन. ही वेल लावली तेव्हा पेशवाई बुडून पंचवीस वर्षं झाली होती. ती अजून दरवर्षी घड देते आणि त्या घडांची वाइन होते.

आमच्या भागात बाग पंधरा-वीस वर्षांची झाली की 'थकली' म्हणतात आणि काढून टाकतात. माल कमी येतो, मणी फुगत नाही, व्यापारी भाव पाडतो. शेतकऱ्याचं चुकत नाही, त्याला घर चालवायचं असतं. पण तनुंडाच्या त्या खोडासमोर उभं राहिल्यापासून ऑस्ट्रेलियन रेड वाइनकडे बघण्याची माझी रीतच बदलली. ॲडलेडला राहायला आल्यावर मी ही वाइन प्यायला लागले होते, आवडतही होती. तिच्यात काय शोधायचं हे मात्र त्या खोडांनी शिकवलं.

या वेली वाचल्या, कारण एक किडा त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. फायलोक्सेरा. मुळांचा रस शोषणारी, नीट बघितल्याशिवाय डोळ्यांना न दिसणारी ही कीड अमेरिकेतून युरोपात गेली आणि 1860 नंतरच्या दोन-तीन दशकांत तिने फ्रान्सच्या बागाच्या बागा झोपवल्या. शेवटी अमेरिकन वेलींच्या खुंटावर युरोपियन जातींचं कलम करूनच त्या बागा परत उभ्या राहिल्या. आज युरोपातल्या बहुतेक सगळ्या बागा अशा उसन्या मुळांवर उभ्या आहेत. ऑस्ट्रेलियातही 1877 साली व्हिक्टोरिया राज्यात जिलाँगजवळ ही कीड सापडली. बरोसा ज्या राज्यात आहे त्या साउथ ऑस्ट्रेलियाने मात्र दारं घट्ट लावून घेतली. 1899 मध्ये खास कायदा केला, बाहेरून वेली, काड्या, माती आणायला बंदी घातली, आणि ती कीड या राज्यात आजतागायत आलेली नाही. आजही बागेच्या कडेला पाट्या असतात: ओळींमध्ये शिरू नका. दुसऱ्या राज्यातल्या बागेतून आला असाल तर बूट निर्जंतुक करायला सांगतात. पहिल्यांदा मला ते जरा अति वाटलं होतं. त्या पाटीमागे उभी असलेली बाग बघितल्यावर मी मुकाट्याने बाहेर थांबले.

त्यामुळे घडलंय असं की शिराझ ही मूळची फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातली, तिथे तिला सिरा म्हणतात, पण तिच्या जगातल्या सर्वांत जुन्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या वेलींपैकी कितीतरी आज ऑस्ट्रेलियात आहेत. जेम्स बझबी नावाच्या गृहस्थाने 1831 मध्ये स्पेन आणि फ्रान्स पालथा घालून शेकडो जातींच्या काड्या गोळा केल्या आणि सिडनीला पाठवल्या. पुढे प्रशियाच्या राजाने चर्चच्या उपासनेत ढवळाढवळ केली म्हणून सायलेशियातून निघालेली जर्मन लुथरन कुटुंबं बरोसात येऊन वसली. धर्मासाठी घरदार सोडलेल्या त्या लोकांनी जी झाडं लावली, त्यांतली काही अजून उभी आहेत.

किडीने सोडलं, तरी सरकारने जवळजवळ संपवलंच होतं. 1980 च्या दशकात रेड वाइनला कोणी विचारेना, लोकांना व्हाइट हवी होती, द्राक्षं पडून राहायला लागली. तेव्हा वेली उपटणाऱ्या शेतकऱ्याला सरकारने पैसे द्यायचं ठरवलं. उपटायला आधी काय काढणार? जे सर्वांत कमी पिकतं ते. म्हणजे जुनी शिराझ, जुनी ग्रनाश. शंभर वर्षांची खोडं ट्रॅक्टरला साखळदंड बांधून ओढून काढली आणि पेटवून दिली. हे वाचताना माझ्या पोटात कालवतं, कारण बाग काढताना मी बघितली आहे. तारा सोडवतात, अँगल काढतात, मग जेसीबी येतो, आणि संध्याकाळपर्यंत रान उघडंबोडकं होतं.

काहींनी मात्र उपटल्या नाहीत. त्यांच्या पाठीशी पीटर लेहमन या वाइनमेकरसारखी माणसं उभी राहिली. 1970 च्या दशकाच्या अखेरीस लेहमन ज्या वाइनरीत काम करत होते तिच्या मालकांनी त्यांना शेतकऱ्यांची द्राक्षं घेऊ नका असं सांगितलं. लेहमन यांनी शेतकऱ्यांना शब्द दिला होता. त्यांनी बाहेरून भांडवल उभं केलं, द्राक्षं घेतली, स्वतःची वाइनरी काढली, आणि हा जुगार आहे हे न लपवता बाटलीवर किलवरची राणी छापली. रॉकफर्ड वाइनरीच्या रॉबर्ट ओकॅलहन यांनीही त्याच वाईट दिवसांत जुन्या वेलींच्या द्राक्षांना चढा भाव देऊन त्या राखायला लावल्या. 2009 मध्ये बरोसाने जुन्या वेलींची अधिकृत वर्गवारीच केली: 35 वर्षांवरच्या 'जुन्या', 70 वरच्या 'तगलेल्या', 100 वरच्या 'शतायुषी' आणि 125 वरच्या 'पूर्वज'. बाटलीवर 'जुनी वेल' असं कोणीही छापू शकतो, जगभर छापतातही. बरोसात त्या शब्दाला वयाचा आधार आहे.

जुन्या वेलीची वाइन खरंच वेगळी लागते का? मला लागते. वेल म्हातारी झाली की घड कमी धरते, मण्यांचा आकार लहान राहतो, त्यामुळे रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग, सुगंध, तुरटपणा हे सगळं मुख्यतः सालीत असतं. मुळं खोल गेलेली असतात, म्हणून जानेवारीत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाही वेल कोमेजत नाही. एक शंकाही मनात ठेवावी लागते. इतकी वर्षं ज्या वेली राखल्या गेल्या, त्या बहुधा मुळातच चांगल्या जागी असणार. वाईट जागेवरच्या वेली कधीच निघाल्या. तेव्हा आपण चव घेतो ती वयाची किती आणि जमिनीची किती, हे वेगळं काढता येत नाही. मला तसं वेगळं काढावंसंही वाटत नाही. तरुण वेलीची वाइन जिभेवर येताच फळ उधळते आणि मग मधेच ओसरते. चांगल्या जुन्या बागेची वाइन सुरुवातीला गप्प असते, मधे भरत जाते, आणि गिळल्यानंतरही बराच वेळ तोंडात राहते. तो मधला भरीवपणा मी शोधते.

शोधायचं कसं, तर आधी बाटलीचं तापमान बघायचं. रेड वाइन घरातल्या हवेला ठेवायची हे आपण कुठेतरी ऐकलेलं असतं, पण ते घर युरोपातलं, थंड दगडी भिंतींचं. पुण्या-मुंबईच्या तीस अंशांत शिराझ उघडली की नाकात फक्त अल्कोहोल शिरतं आणि चव सैल, गोडूस लागते. सोळा ते अठरा अंश बरे. म्हणजे उघडण्याआधी बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये. एवढं केलं तर पाचशे रुपयांची बाटलीही बरी लागते आणि पाच हजारांचीही वाया जात नाही. ग्लास मोठ्या पोटाचा, वर निमुळता, आणि एक तृतीयांशच भरायचा. बूच नाही, फिरकीचं झाकण आहे म्हणून बाटलीला कमी लेखायचं नाही. 2000 साली क्लेअर व्हॅलीतल्या वाइनवाल्यांनी एकत्र येऊन आपल्या रीजलिंग या व्हाइट वाइनला फिरकीचं झाकण लावलं. खराब बुचामुळे चांगली वाइन कुबट होते याला ते कंटाळले होते. आज ऑस्ट्रेलियात भारी रेडसुद्धा अशाच झाकणाखाली वर्षानुवर्षं मुरत पडते.

मग ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरायचा. कडेचा रंग जांभळा असेल तर वाइन तरुण, विटकरी होत चालला असेल तर मुरलेली. त्यानंतर वास, न हलवता एकदा आणि ग्लास फिरवून एकदा. घोट घेतल्यावर लगेच गिळायचं नाही, हिरड्यांपर्यंत फिरू द्यायचं. रेड वाइनचा तुरटपणा म्हणजे टॅनिन, आणि तो ओळखायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी टाळूला अडते, तसंच ते असतं. प्रश्न असतो पोताचा. काही वाइनचं टॅनिन खरखरीत, हिरवं लागतं, काहींचं बारीक, मऊ. बरोसाची चांगली शिराझ एवढी गडद असूनही तिचं टॅनिन मऊ असतं, आणि नवख्या माणसाला ती चटकन आवडते त्याचं मुख्य कारण मला हेच वाटतं.

ऑस्ट्रेलियन शिराझ म्हणजे जाड, जॅमसारखी, पंधरा टक्के अल्कोहोलची, ओक लाकडाच्या पिंपातल्या व्हॅनिलाने माखलेली, असा एक समज आहे. तो हवेतून आलेला नाही. एक काळ अशाच वाइनला परदेशात गुण मिळत होते आणि सगळे तसंच करायच्या मागे लागले होते. पण शिराझ या देशात इतक्या वेगवेगळ्या हवामानात होते की त्या सगळ्यांना एका वाक्यात बसवणं हा त्या जमिनींवर अन्याय आहे. माझं ऐकाल तर एका संध्याकाळी तीन-चार मित्रांनी मिळून तीन वेगवेगळ्या भागांतल्या शिराझ एकत्र उघडा. महाग नकोत, पण भाग वेगळे हवेत.

एक बरोसाची घ्या. काळी बेरी, प्लम, थोडं चॉकलेट, थोडं ज्येष्ठमध, तोंडभर. दुसरी हंटर व्हॅलीची, सिडनीच्या उत्तरेला. तिथे ऊन आहे पण उन्हाळ्यात ढग आणि पाऊसही आहे, आणि नेमका पाऊस काढणीच्या तोंडावर येतो. नाशिककरांना वेगळं सांगायला नको. म्हणून तिथली शिराझ लवकर खुडतात, अल्कोहोल तेरा टक्क्यांच्या आसपास, अंगाने हलकी. तरुणपणी फारसं बोलत नाही. दहा-पंधरा वर्षं ठेवली की ओल्या मातीचा, कमावलेल्या चामड्याचा वास येतो. माउंट प्लेझंट वाइनरीच्या मॉरिस ओशे यांनी 1921 पासून 1956 मध्ये वारेपर्यंत तिथे ज्या वाइन केल्या, त्यांच्याबद्दल जुनी माणसं अजून आदराने बोलतात. ते फ्रान्समध्ये माँपेलिएला शिकून आले होते आणि ज्या काळात देश गोड, वरून स्पिरिट घालून कडक केलेली (फोर्टिफाइड) वाइन पीत होता, त्या काळात त्यांनी हलक्या हाताच्या ड्राय वाइन केल्या.

तिसरी व्हिक्टोरियातल्या ग्रॅम्पियन्सची, किंवा कॅनबेराजवळची. थंड भाग. ग्लास नाकाशी नेला की मिरी. अगदी ताजी, नुकती भरडलेली. ही मिरी तिथे आहे असं वाइनवाले पूर्वापार म्हणत होते, पण ती येते कुठून हे कळत नव्हतं. ॲडलेडच्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये ते शोधून काढलं. रोटंडोन नावाचं संयुग द्राक्षाच्या सालीत असतं, आणि काळ्या मिरीलाही तिचा वास त्याच संयुगामुळे येतो. लिटरमागे ग्रॅमच्या काही अब्जांश भागाएवढं असलं तरी नाकाला कळतं. थंड जागी ते जास्त तयार होतं. त्या संशोधनातला मला सर्वांत आवडलेला भाग असा की साधारण दर पाचातल्या एका माणसाला हा वास येतच नाही. एकाच टेबलावर एक जण म्हणतो केवढी मिरी आहे, दुसरा म्हणतो मला तर फक्त फळ लागतंय, आणि दोघंही खरं बोलत असतात. वाइनबद्दल तावातावाने भांडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. आमच्या घरी मला मिरी येते, नवऱ्याला येत नाही.

बरोसाच्या शेजारी, थोडं उंचावर, ईडन व्हॅली आहे. तिथे हेन्श्की कुटुंबाची हिल ऑफ ग्रेस नावाची बाग आहे, समोर ग्नाडनबेर्ग नावाचं लहान लुथरन चर्च. तिथल्या सर्वांत जुन्या वेली 1860 च्या सुमाराच्या. त्यांना घरचे लोक 'आजोबा' म्हणतात. सिरिल हेन्श्की यांनी 1958 साली पहिल्यांदा या एकाच बागेची वाइन वेगळी भरली. ती वाइन विकत घेणं माझ्या खिशाला झेपणारं नाही, पण एका टेस्टिंगमध्ये तिचा एक घोट मिळाला होता. पाच मसाल्यांचा, वाळलेल्या तुळशीचा वास, आणि टॅनिन इतकं बारीक की ते कुठे संपतं हे समजू नये. फळ होतं, पण पुढे पुढे करत नव्हतं. मी टेबलाशी बराच वेळ तशीच उभी राहिले. मागच्या माणसाला माझ्यामुळे खोळंबावं लागलं.

पेनफोल्ड्सच्या ग्रेंज या वाइनबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं. पेनफोल्ड्स ही कंपनी 1844 मध्ये ॲडलेडच्या मॅगिल भागात एका डॉक्टरच्या आणि त्याच्या बायकोच्या घरातून सुरू झाली. प्रत्यक्षात वाइनचं काम बघायची ती मेरी पेनफोल्ड. कंपनीत पोऱ्या म्हणून लागलेला मॅक्स शूबर्ट हा मुलगा पुढे कंपनीचा मुख्य वाइनमेकर झाला. 1950 मध्ये कंपनीने त्याला शेरी नावाची वाइन कशी करतात ते बघायला युरोपात पाठवलं. तो फ्रान्समधल्या बोर्दोलाही गेला, आणि तिथे त्याने चाळीस-पन्नास वर्षं मुरलेल्या रेड वाइन चाखल्या. परत आला तो आपल्याकडेही अशी दीर्घायुषी वाइन करायचीच असं ठरवून. बोर्दोतल्या कॅबर्ने जातीची द्राक्षं पुरेशी मिळत नव्हती, म्हणून त्याने शिराझ घेतली. फ्रेंच ओक नव्हता, म्हणून अमेरिकन ओकची नवी पिंपं घेतली. 1951 ची वाइन प्रयोगापुरती होती. काही वर्षांनी जाणकारांना बोलावून चव दिली तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली. एकाने तर तिला चिरडलेल्या मुंग्यांची चव आहे असंही म्हटलं. 1957 मध्ये कंपनीने लेखी आदेश काढला: बंद करा.

शूबर्टने बंद केलं नाही. 1957, 58 आणि 59 ची ग्रेंज त्याने मॅगिलच्या तळघरात लपवून केली. नव्या ओकला पैसे मागता येत नव्हते, म्हणून जुन्या पिंपांत केली. दरम्यान आधीच्या बाटल्या मुरत गेल्या, तोंडी कीर्ती पसरली, आणि 1960 मध्ये त्याच कंपनीने परत सुरू करायला सांगितलं. आज ती ऑस्ट्रेलियाची सर्वांत नावाजलेली वाइन आहे. ही गोष्ट लोक जिद्दीची म्हणून सांगतात. मला तिच्यातली वाट बघण्याची गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्या जाणकारांनी जी चव घेतली ती खरोखरच कडक, बेढब लागली असणार. तरुण ग्रेंज आजही तशीच लागते. शूबर्टला वीस वर्षांनंतरची वाइन त्या घोटात दिसत होती.

शिराझवरच इतकं लिहिलं की कॅबर्नेला कमी जागा उरली. कूनवारा हा ॲडलेडहून चार-पाच तासांच्या अंतरावरचा सपाट, उन्हाळ्यातही गार प्रदेश. तिथे जेमतेम दोन किलोमीटर रुंदीची तांबड्या मातीची एक चिंचोळी पट्टी आहे, खाली चुनखडी. कूनवारा या नावाच्या हद्दीत कोण बसतं आणि कोण नाही यावर वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. तिथल्या कॅबर्नेत काळ्या करवंदासारखं आंबटगोड फळ असतं आणि बऱ्याचदा पुदिन्याची, निलगिरीची झुळूक. बागेशेजारी निलगिरीची झाडं असली की तिचं तेल मण्यांवर बसतं, पानं-साली घडांबरोबर टाकीत जातात, हेही त्याच ॲडलेडच्या संस्थेने दाखवून दिलं. काहींना हा दोष वाटतो. मला त्यात ऑस्ट्रेलियाचा वारा येतो. विन्सची काळ्या लेबलची कॅबर्ने 1954 पासून चालत आली आहे आणि तिच्या दर्जाच्या मानाने अजूनही परवडते. नवी बाटली घ्या आणि विसरून जा, दहा वर्षांनी उघडा. दुसऱ्या टोकाला, पश्चिम किनाऱ्यावर मार्गारेट रिव्हर. जॉन ग्लॅडस्टोन्स या कृषिशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात हवामानाचा अभ्यास करून इथे बोर्दोसारखी द्राक्षं होतील असं लिहिलं, आणि ते वाचून टॉम कलिटी या हृदयरोगतज्ज्ञाने 1967 मध्ये व्हास फेलिक्स लावली. मागोमाग आणखी डॉक्टर आले.

आपल्या जेवणाबरोबर यातलं काय चालतं? हा प्रश्न मला भारतातून येणारा प्रत्येक जण विचारतो, आणि उत्तर देताना मी तिखटापासून सुरुवात करते. अल्कोहोल तिखट वाढवतं. कोल्हापुरी तांबड्या रश्श्याबरोबर पंधरा टक्क्यांची बरोसा शिराझ म्हणजे आगीत तेल. तिखटाबरोबर टॅनिनही जास्त खरखरीत लागतं. त्यापेक्षा ॲडलेडच्या दक्षिणेकडच्या मॅक्लारेन व्हेलची ग्रनाश घ्या, जरा गार करून. ही द्राक्षं तिथे तारांशिवाय, झुडपासारख्या वाढवलेल्या जुन्या वेलींवर होतात. वाइनचा रंग फिका, टॅनिन कमी, आणि लाल फळांची एक उमदी चव. काळ्या मसाल्यातलं सुकं मटण आणि ग्रनाश ही जोडी मी डोळे मिटून सांगते. पांढऱ्या रश्श्याला मिरीवाली थंड भागातली शिराझ, कारण रश्श्यात मिरी आहे आणि नारळाच्या स्निग्धपणात टॅनिन विरघळतं. भरल्या वांग्याला मुरलेली हंटर. दाण्याचं कूट आणि गोडा मसाला यांच्याशी तिचा मातकट वास छान मिळतो. बांगडा, सुरमई यांना मात्र रेड नकोच. रेडमध्ये लोह असतं, माशाच्या तेलाशी गाठ पडली की तोंडात गंजका, उग्र वास राहतो. पुरणपोळीलाही ड्राय रेड लावू नका, गुळासमोर ती कडू होते. सणाला काही उघडायचंच असेल तर पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली गोड टॉनी उघडा, पुरणाला आणि तुपाला तीच शोभते.

भारतात यातलं आता पूर्वीपेक्षा जास्त मिळतं. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार 29 डिसेंबर 2022 ला लागू झाला. पाच अमेरिकन डॉलरच्या वर आयात किंमत असलेल्या बाटलीवरचं 150 टक्के शुल्क 100 वर आलं, पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीवर 75 वर, आणि दहा वर्षांत ते अनुक्रमे 50 आणि 25 टक्क्यांवर यायचं आहे. राज्याचे कर वेगळे. तरी मधल्या दर्जाची, एका भागाचं नाव स्वच्छ लिहिलेली बाटली हळूहळू आवाक्यात येते आहे. घेताना लेबलवर नुसतं 'साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया' असेल तर ते कित्येक राज्यांतलं मिश्रण असतं, रोजच्या पिण्याला ठीक. जागेची चव हवी असेल तर भागाचं नाव बघून घ्या.

या सगळ्यात मला सारखं नाशिक आठवतं, आणि ते नुसतं माहेर म्हणून नाही. बरोसात काढणी फेब्रुवारी ते एप्रिल. नाशिकमध्ये वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च. पृथ्वीच्या दोन अर्धगोलांत असूनही महिने जवळजवळ तेच, कारण आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर गोडी छाटणी करून वेलीला हिवाळ्यात पिकायला लावतो. बरोसातली वेल थंडीत पानं टाकून झोपते, आपल्या वेलीला झोप मिळत नाही. ती लवकर थकते त्याचं हेही एक कारण असावं. सुलाची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली, म्हणजे नाशिकची वाइनची बाग अजून बरोसाच्या 'जुन्या' वर्गाच्या पहिल्या पायरीवरही पोचलेली नाही. तिथे वयाने जुनी म्हणावी अशी शिराझ कशी लागेल हे आज जगात कोणालाच माहीत नाही. ते कळायचं असेल तर कोणीतरी काही ओळी न उपटता ठेवायला हव्यात.

माझ्या भावाने थॉमसन काढून काही एकरांत वाइनची द्राक्षं लावली होती, कंपनीशी करार करून. त्यात शिराझ आहे. मागच्या दिवाळीत फोनवर तो म्हणाला, माल घटलाय, पुढच्या वर्षी काढून टाकतो. मी त्याला लेहमनची गोष्ट सांगितली, तनुंडाच्या खोडाचा फोटो पाठवला. फोटो त्याने बराच वेळ बघितला असावा, कारण उत्तर रात्री उशिरा आलं. पहिला प्रश्न खोडाला रोग कसा लागला नाही, दुसरा पाणी किती देतात, आणि तिसरा, टनाला भाव काय मिळतो. तिन्ही प्रश्न बरोबर होते. भाव वाढवून मिळाल्याशिवाय बरोसातही कोणी वेली राखल्या नसत्या. आता त्याने वरच्या बांधालगतच्या, मुरमाड जमिनीतल्या चार ओळी ठेवायच्या कबूल केल्या आहेत, पण त्यांची द्राक्षं वेगळी घेऊन वेगळी वाइन करणारा माणूस मी शोधून द्यायचा, या अटीवर. दोन लहान वाइनऱ्यांशी माझं बोलणं चालू आहे.